एकेक बोट पुरे

चिंधीमावशीला हे नाव कुणी ठेवलं ते आता गल्लीत कुणालाच आठवत नाही. पण ज्याने ठेवलं त्याने डोळे उघडे ठेवून ठेवलं. कापडाचा तुकडा नखाएवढा का असेना, तिच्या घरातून तो केरात गेला असं कधी झालं नाही. शर्ट विरला की त्याचे अभ्रे होतात, अभ्रे विरले की हातपुसणी होतात, हातपुसणी विरली की ती उशीत भरली जातात, आणि उशी विरली की चिंधीमावशी तिच्यावर डोकं टेकून म्हणते, "आता जरा मऊ झाली."

तिचा नवरा जन्मभर बसवर कंडक्टर होता. नोकरी संपली, पिशवी आणि शिट्टी परत केली, तरी लोक त्याला कंडक्टरच म्हणतात. तो म्हणायचा, "मी या घरात शर्ट काढून ठेवत नाही. आंघोळ करून येईपर्यंत बाह्यांच्या पिशव्या झालेल्या असतात."

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी पायमशीन, मशीनच्या डाव्या हाताला एक उंच लाकडी फडताळ. फडताळाच्या एका खणात बटणं, एकात इलास्टिक, एकात लेस आणि फिती, आणि खालच्या मोठ्या खणात कागद. चकचकीत कागद, सुरकुत्यांचा क्रेप कागद, बिस्किटांच्या पुड्यांची चांदी, कुणाच्या तरी लग्नात आलेल्या भेटवस्तूंची वेष्टणं, घडी मोडू न देता ठेवलेली. गल्लीत कुठल्या मुलाचा वाढदिवस आला की आधी केकवाल्याकडे जायचं आणि मग चिंधीमावशीकडे, हे ठरलेलं. ती जुन्या मासिकांच्या पताका करायची. कोनाच्या टोप्या करायची, हनुवटीखाली इलास्टिकसकट. क्रेप कागदाची फुलं अशी करायची की एकदा एक मधमाशी आत येऊन फसली आणि रागावून निघून गेली. मुलांना डोळे बांधून शेपूट लावायला तिने एक कापडी गाढव शिवलं होतं. त्या गाढवाचा चेहरा कंडक्टरवर गेला होता, हे सगळ्यांना दिसायचं. कंडक्टरलाही दिसायचं. पण गाढव गल्लीत इतकं लाडकं होतं की त्याने कधी तक्रार केली नाही.

शाळेत ती फार गेली नाही. गेली तेव्हाही मन शिवणाच्या तासालाच. पण हाताला कला होती, आणि त्या कलेला गल्लीत मान होता. मान नव्हता तो एकाच घरात, आणि नेमका तिथेच तिला हवा होता.

ते घर म्हणजे तिच्या लेकीचं सासर. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. तिथे लेकीची सासू, म्हणजे विहीणबाई, राज्य करायच्या. विहीणबाईंनी उभं आयुष्य काचसामानाच्या दुकानाच्या गल्ल्यावर काढलेलं. दिवसभर लोकांना "हात लावू नका, आम्ही दाखवतो" म्हणून म्हणून त्यांचा स्वभावच तसा झाला होता. त्यांच्या घरात सोफ्याला प्लास्टिक होतं, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक होतं, टेलिफोनच्या वहीलासुद्धा प्लास्टिक होतं. आणि दिवाणखान्यात भिंतभर एक काचेचं कपाट होतं, त्याला कुलूप.

नातू झाला तेव्हा चिंधीमावशीने त्याच्यासाठी जुन्या मऊ कापडांच्या चौकोनी तुकड्यांची दुलई शिवली. ती कपाटात गेली. मग झबली शिवली. कपाटात. मग एक हत्ती शिवला, त्याचे कान वेगळ्या कापडाचे, सोंडेत तार घातलेली, वळवावी तशी वळणारी. तोही कपाटात. नातू चालायला लागला तेव्हा तो काचेला नाक लावून आतल्या हत्तीकडे बघायचा, आणि त्याच्या हातात दुकानातलं रबरी बदक असायचं. एकदा बिलगला की सुटत नाही म्हणून चिंधीमावशी त्याला मुंगळा म्हणायची. मुंगळा तिला बिलगायचा, पण तिच्या हातचं काही त्याच्या अंगाखांद्याला लागायचं नाही. पाहुणे आले की विहीणबाई काचेवर टकटक करून दाखवायच्या, "हे आमच्या विहीणबाईंचं हातकाम." झालं.

"तिला आवडत नाही," चिंधीमावशी घरी येऊन म्हणायची. "टाकता येत नाही म्हणून कोंडून ठेवते."

"अगं, काचेत ठेवलंय. लोक सोनं ठेवतात काचेत."

"मेलेल्या फुलपाखरांनापण ठेवतात."

एवढीच तिची इच्छा होती. मुंगळ्याच्या हातात एकदा तरी आपण केलेली वस्तू असावी, आणि ती आपण डोळ्यांनी बघावी. जीव अडकावा अशी ही काही मोठी गोष्ट नव्हे, पण जीव कुठे अडकायचा ते आधी विचारून अडकत नाही.

अशात एके सकाळी विहीणबाईंचा स्वतःहून फोन आला. चिंधीमावशी मशीनवर बसली होती ती फोन हातात घेऊन उभी राहिली.

"विहीणबाई, एक काम होतं तुमच्याकडे. बाळाचा वाढदिवस आलाय. मुलं येणार आहेत. तर म्हटलं, प्रत्येकाला एकेक बोट."

"एकेक बोट," चिंधीमावशी म्हणाली.

"एकेक पुरे. जास्त नकोत, पसारा होतो."

आता इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. चिंधीमावशीच्या घरात पाण्यावर चालते ती होडी. बोट म्हणजे हाताला असतं ते, आणि मुलांच्या वाढदिवसाला कुणी बोट मागितलं तर त्यावर घालायची बाहुली. विहीणबाईंना होडी हा शब्द जरा चिखलातला वाटायचा, त्यांच्या घरात बोट म्हणायचे. आपल्या भाषेने तरी काय करून ठेवलंय बघा. नाव म्हणावं तर ते पाटीवर असतं, बोट म्हणावं तर ते हातावर असतं, एक होडी तेवढी होडी असते. विहीणबाई एकदा जरी "बोट हवी" म्हणाल्या असत्या तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण गल्ल्यावर बसून बसून त्यांना तुटक बोलायची सवय. "सहा कप. पुरे. बांधा."

"कागद की कापड?" चिंधीमावशीने विचारलं.

"कापड बरं. कागद भिजला की संपला."

खरं आहे, चिंधीमावशीच्या मनात आलं. मुलांची बोटं अर्धा वेळ तोंडातच असतात.

"आतून पोकळ पाहिजे, बरं का."

"हो, म्हणजे काय."

"टोक निमुळतं. आणि झेंडा विसरू नका."

"झेंडा," चिंधीमावशी म्हणाली. तिने क्षणभर आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं.

"आणि जमलं तर आतून प्लास्टिक लावा."

इथे मात्र ती थांबली. विचारावं का, असं जिभेवर आलं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा या बाईने काही मागितलं होतं. त्यात "म्हणजे कसं हो?" विचारलं तर पलीकडून येणारा तो लांब श्वास तिला माहीत होता. "लावते," ती म्हणाली.

"मुलांची पहिली अक्षरं लेक कळवेल तुमची, ती प्रत्येकावर काढा. बाकी तिला काही बोलू नका. तिला आयत्या वेळी दाखवायचंय."

फोन ठेवल्यावर चिंधीमावशी खुर्चीत बसली. मग उठली, आरशात बघितलं, आणि परत बसली.

"काय झालं?" कंडक्टरने विचारलं.

"बोटांवर घालायच्या बाहुल्या सांगितल्यात. विहीणबाईंनी. झेंड्यासकट."

"कुठल्या बोटावर?"

"म्हणजे?"

"अंगठा, करंगळी, मधलं. हातात पाच आहेत. कुठलं ते सांगितलं का?"

"नाही."

"मग फोन कर."

"मी नाही करणार. म्हणतील, एवढं कळत नाही का."

कंडक्टरने थोडा विचार केला. "मग ज्याने दुसऱ्याला दाखवतात ते धर. त्यांच्या घरात तेच जास्त वापरात आहे."

माप घ्यायला मुलं हवी होती. चिंधीमावशीने खिडकी उघडली आणि हाक मारली. गल्लीतली पोरं खिडकीबाहेर रांगेत उभी राहिली आणि एकामागून एक बोट आत घालायला लागली. कंडक्टरला जुना हुरूप चढला. "पुढे सरका, पुढे सरका, दारात थांबू नका." एक मुलगा दोनदा आला. एकाचं बोट चिकट होतं, ते पुसून परत पाठवलं. शेजारची बाई दारातून म्हणाली, "मावशी, अंगठ्या करताय का पोरांना?"

"नाही गं. माणसं करतेय."

कापड कुठलं, हा प्रश्न तिला कधी पडत नसे. कडा सुटणार नाहीत असं जाड लोकरी कापड हवं होतं, आणि ते दाराच्या मागे खुंटीवर लटकत होतं. कंडक्टरचा हिवाळ्यातला युनिफॉर्मचा कोट.

"त्या कोटात माझी अर्धी नोकरी आहे," तो म्हणाला.

"मग ती अर्धी आता वाढदिवसाला जाऊन येईल."

कोटाच्या पाठीतून माणसांची अंगं निघाली. टोप्या आणि झगे जुन्या मफलरमधून निघाले. एका माणसाला दोन तुकडे, जिभेच्या आकाराचे, कडेने काजाचा टाका. डोळ्यांना मणी. नाकाला धाग्याची गाठ. हातात झेंडा, त्याची काठी म्हणजे गुल काढलेली काडेपेटीची काडी. आणि आत प्लास्टिक. त्यासाठी तिने दुधाच्या पिशव्या धुतल्या, वाळवल्या, कापल्या आणि कागदाखाली धरून इस्त्रीच्या कडेने चिकटवल्या. दोन दिवस घराला जळक्या दुधाचा वास होता.

"मुलांच्या बोटाला घाम येईल गं."

"त्यांच्या सोफ्यावर बसून आपल्याला येतो तो येतोच ना. त्यांची पद्धत आहे ती."

सगळी माणसं टेबलावर उभी राहिली तेव्हा कंडक्टर चष्मा लावून बघायला आला. एकाशी थबकला.

"ही विहीणबाई झालीय."

"काहीतरीच काय."

"अंबाडा बघ. चष्मा बघ. आणि ओठ असे, की सुट्टे मागितलेत कुणीतरी."

चिंधीमावशीने निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मुद्दाम केलं नव्हतं. हात जिथे जातो तिथे जातो. उसवून परत करायला कापड उरलं नव्हतं, म्हणून तिने पटकन सुई घेतली आणि ओठांवर काळ्या धाग्याची जाड मिशी भरली.

कंडक्टरने परत चष्मा सावरला. "आता विहीणबाईंना मिशा आल्या."

आणि बाकी सगळ्यांवर अक्षरं काढून झाली होती. राहिलं होतं ते एकच अक्षर, मुंगळ्याचं. ते मिशीवालीच्या पोटावर गेलं.

वाढदिवसाच्या दिवशी दोघं खोका छातीशी धरून तिसरा मजला चढली. दार लेकीने उघडलं. आत भिंतीवर निळ्या कागदाच्या लाटा लावलेल्या, दोऱ्याला कागदी मासे टांगलेले. सोफा मागे सरकवून मधोमध एक मोठं प्लास्टिकचं घमेलं, काठोकाठ पाण्याने भरलेलं, त्यात निळा रंग. गळ्यात शिट्टी अडकवून विहीणबाई उभ्या होत्या. मुलं घमेल्याभोवती दाटली होती.

"हे कशाला?" चिंधीमावशीने लेकीला हळूच विचारलं. "पाय धुवायला?"

लेक काही बोलायच्या आत शिट्टी वाजली. "मुलांनो," विहीणबाई म्हणाल्या, "आता या आजी तुम्हाला तुमच्या बोटी देतील. मग शर्यत."

बोटी. हाताला असतात ती बोटं, बोटी नव्हेत. चिंधीमावशीने पाण्याकडे पाहिलं, माशांकडे पाहिलं, मग हातातल्या खोक्याकडे पाहिलं. पळून जायला तीन मजले उतरायचे होते आणि गुडघे दुखत होते.

विहीणबाईंनी स्वतःच खोका उघडला. आतून झेंडे घेतलेली माणसं वर बघत होती.

"हे काय आहे?"

"बोटं," चिंधीमावशी म्हणाली. "म्हणजे बोटांवरची."

"मी बोट सांगितली होती."

"मीही बोटच ऐकलं."

"पाण्यातली बोट, विहीणबाई."

"पाण्यातलीला आम्ही होडी म्हणतो."

"होडी मासे धरायला असते."

"आगबोट म्हणाला असतात तर भानगड नव्हती," कंडक्टर मध्ये पडला.

"तुम्ही गप्प बसा," दोघी एकदम म्हणाल्या. विहिणी झाल्यापासून त्यांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

विहीणबाईंनी एक माणूस उचलून उलटा केला. आतून दुधाच्या पिशवीवरची गाय दिसली. "बोटाला झेंडा कशाला लागेल? बोटाला प्लास्टिक कशाला लागेल? तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण म्हटलं, तुमच्याकडे लागत असेल."

लेक भिंतीला टेकून खाली बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. चिंधीमावशीने तिच्याकडे असं बघितलं की खांदे थांबले, पण थोडाच वेळ.

"मला एकदा विचारायचं," विहीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही म्हणाला असतात, एवढं कळत नाही का."

"म्हणाले असते," विहीणबाई म्हणाल्या. त्या बाईत एक गोष्ट होती, खोटं बोलायच्या नाहीत. "पण सांगितलंही असतं."

आता मुलं कुजबुजायला लागली होती. एकाने बूट काढून पाण्यात सोडला होता. भेटवस्तूंची वेष्टणं कोपऱ्यात पडली होती. चिंधीमावशी खाली बसली, एक कागद ओढला आणि घड्या घालायला लागली. होड्याच हव्यात ना, त्याला कितीसा वेळ. एक घडी, दुसरी घडी, कोपरे मध्ये, कडा वर. हात झपझप चालले आणि थांबले. हातात टोपी होती. तिने ती बाजूला ठेवली आणि दुसरा कागद घेतला. परत टोपी. जन्मभर तिने मुलांना टोप्याच करून दिल्या होत्या. हात तिथपर्यंत यायचे आणि आपलं काम झालं म्हणून थांबायचे.

"ही टोपी आहे," विहीणबाई वरून म्हणाल्या.

"हो. याच्यापुढे काहीतरी आहे."

"काय आहे?"

"तेच आठवत नाहीये."

पाठोपाठ तिसरीही टोपी तयार झाली. विहीणबाईंना ते बघवेना. त्यांनी तो लांब श्वास घेतला, कंबरेला हात लावून सावकाश खाली बसल्या आणि म्हणाल्या, "द्या इकडे." टोपीच्या पोटात दोन्ही अंगठे घालून त्यांनी ती उघडली, चौकोन केला, टोकं वर दुमडली, परत उघडली, आणि दोन्ही कानांना धरून हलकेच ओढलं. हातात होडी. ताठ, सरळ, मधोमध उभं शीड.

लेकीने तोंडात बोट घातलं. त्या दिवशी त्या घरात बोटांना तोटा नव्हता.

"दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसायचं," विहीणबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "कप गुंडाळायचे कागद असायचे. मालक आला की त्या बोटी गल्ल्याच्या खणात. तुम्ही टोप्या करा. पुढचं मी बघते."

मग दोघी जमिनीवर समोरासमोर बसल्या. इकडून टोपी जायची, तिकडून होडी निघायची. कंडक्टर कागद फाडून पुरवत होता. "आमच्या हिने आजवर इतक्या जणांना एकदम टोप्या घातल्या नव्हत्या," तो म्हणाला, आणि यावेळी त्याला कुणी गप्प केलं नाही.

मुलांनी कुणाला विचारलं नाही. होडी हातात आली की खोक्यातून आपल्या अक्षराचा माणूस काढायचा आणि तिच्यात बसवायचा, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. मुंगळ्याने आपली मिशीवाली उचलली, बघितली आणि तिला सगळ्यांत चांगल्या होडीत बसवलं. शिट्टी वाजली. मुलांनी गाल फुगवून फुंकर मारायला सुरुवात केली.

होड्या निघाल्या, पण मध्यापर्यंत आल्या नाहीत तोच खचायला लागल्या. भेटवस्तूंचा कागद तो, वरून झगझगीत आणि आतून पोकळ. त्यात लोकरी कोटाची माणसं बसलेली. एक कलंडली, दुसरी तळाशी बसली, तिसरीचं शीड चिंधीमावशीच्या देखत विरघळलं. तिने डोळे मिटले. आधी चुकीची वस्तू आणली, आणि आता तीच बुडायला निघाली. तिला वाटलं, आता एकही पोर ही वस्तू घरी नेणार नाही, मुंगळा तर नाहीच.

तेवढ्यात मुलांनी आरोळी ठोकली. तिने डोळे उघडले. होड्या तळाला गेल्या होत्या, पण माणसं वर होती. आतल्या प्लास्टिकमध्ये हवा अडकली होती आणि प्रत्येक जण मानेपर्यंत पाण्यात उभा, झेंडा वर, तोंडावर मुळीच काळजी नाही. जणू सगळे कंडक्टर शेवटच्या थांब्यावर उतरून पोहायला आले होते. मुलं वेडी झाली. आता होड्या कुणालाच नको होत्या. माणसांची शर्यत लागली. मिशीवाली एका बाजूला जाऊन घमेल्याच्या काठाला नाक लावून राहिली आणि शेवटची आली. मुंगळा म्हणाला, "ती दमलीय," आणि तिला बाहेर काढून बोटावर घातलं. पाणी त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं.

"प्लास्टिक लावा म्हणून कुणी सांगितलं होतं?" विहीणबाईंनी सगळ्या खोलीला विचारलं.

"तुम्हीच," चिंधीमावशी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

पार्टी संपली. मुलं ओल्या बोटांनी घरी गेली. जाताना एका मुलीने जिन्यात आपल्या बोटावरच्या माणसाला आईला नमस्कार करायला लावला. लेक आणि जावई फरशी पुसत होते. विहीणबाईंनी मुंगळ्याकडून मिशीवाली मागून घेतली, रुमालाने टिपली, आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"ही कुणासारखी दिसते हो?"

कंडक्टर खोकला.

"चष्मा माझ्यासारखा आहे."

"चष्मे सगळे सारखेच," चिंधीमावशी म्हणाली.

"आणि मिशी?"

"मिशी यांची."

विहीणबाईंनी कंडक्टरकडे बघितलं, बाहुलीकडे बघितलं. मग किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्या काचेच्या कपाटाकडे निघाल्या.

दिवसभर जे काही झालं त्यात चिंधीमावशीने शब्द गिळले होते. हा गिळला नाही. "विहीणबाई, तिथे नका ठेवू."

"का? चांगलं झालंय ते."

"चांगलं झालंय म्हणूनच."

विहीणबाई किल्ली धरून उभ्या राहिल्या. "चांगली वस्तू बाहेर राहिली की फुटते."

"कापड फुटत नाही."

"फाटतं."

"फाटलं तर मी आहे ना."

विहीणबाई वळल्या. "तुम्हाला इतकी वर्षं काय वाटत होतं? मला आवडत नाही म्हणून आत ठेवते?"

चिंधीमावशीने काचेआडच्या हत्तीकडे पाहिलं.

"न आवडलेलं मी बाहेर ठेवते. ती फुलदाणी बघा. माझ्या नणंदेने दिलेली. मुद्दाम टेबलाच्या कडेला ठेवलीय. रोज वाटतं, आज तरी कुणाचा धक्का लागेल. या घरातल्या एकाही माणसाला तेवढंही जमत नाही."

सगळ्यांनी फुलदाणीकडे पाहिलं. खरंच ती ओंगळ होती. जावयाने डोकं खाजवलं, कारण तो इतकी वर्षं तिला वळसा घालून चालत आला होता.

चिंधीमावशीला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग थोडं रडू आलं. दोन्ही एकदम आलं तर आधी कुणाला वाट द्यायची ते तिला कळेना, म्हणून तिने नाक पुसलं. "म्हणजे हत्ती तुम्हाला आवडला होता."

"हत्ती," विहीणबाई म्हणाल्या, "मी कधी कधी काढून बघते. घरी कुणी नसलं की."

तेवढ्यात मुंगळा आला, विहीणबाईंच्या हातातून मिशीवाली ओढली, बोटावर चढवली आणि आत पळाला. विहीणबाईंचा हात सवयीने त्याच्यामागे गेला, अर्ध्यात थांबला आणि किल्ल्या पिशवीत ठेवायला परत आला.

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. लेकीला फोनवर विचारावं असं चिंधीमावशीच्या दहादा मनात आलं. पण उत्तर "कपाटात" असं आलं तर, म्हणून तिने विचारलं नाही. कंडक्टर म्हणाला, "विचार की. एकदा न विचारून काय झालं ते बघितलंस." तरी तिने विचारलं नाही. माणूस एका पार्टीत शहाणा होत नाही.

मग एका सकाळी, मुंगळ्याच्या शाळेच्या वेळेला, विहीणबाईंचा फोन आला. आवाज जरा दबका.

"विहीणबाई, उसवलं ते."

"काय उसवलं?"

"ती. तुमची. बाजूने सबंध उसवलीय. झोपतानासुद्धा काढत नाही हो तो. आज शाळेत नेऊ दिली नाही, कारण आतली गाय बाहेर आली होती, तर रडत गेलाय."

चिंधीमावशी हळूच खुर्चीत बसली. आपली शिवण उसवली हे ऐकून या बाईला जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं. तिने कंडक्टरला खूण केली, तो जवळ येऊन फोनला कान लावून उभा राहिला.

"मी येऊ का?"

"तुम्ही याल तोवर तो येईल परत. त्याच्या आत झालं पाहिजे. मला सांगा कसं करायचं ते. मी काही कधी शिवलेलं नाही."

"सुई आहे?"

"आहे. दिवाणखान्यातल्या कपाटात."

"मग काढा. धागा काळा घ्या, दुहेरी नको. आधी नेढ्यात ओवा, गाठ मग मारू."

पलीकडे किल्ल्या वाजल्या, काच सरकली.

"ओवला का?"

"ओवतेय. जात नाहीये."

"टोक जरा ओलं करा."

"केलं. घाई करू नका मला." मग विहीणबाई म्हणाल्या, "आणि फोन ठेवू नका."

"नाही ठेवत," चिंधीमावशी म्हणाली. "ओवा सावकाश."